शरीराची आठवण

शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर देवीच्या टोचणीचा वण अजून दिसतो. आपल्या देशात ही टोचणी प्रथम झाली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल ही तीन वर्षांची मुलगी ती घेणारी पहिली. टोचले की शरीर रोग ओळखून ठेवते, हे लोकांनी पाहिले. पण किती वर्षे ओळखून ठेवते?

याचा एक दाखला १८४६ साली दूर उत्तरेकडच्या फॅरो बेटांवर मिळाला. तिथे गोवराची साथ आली. सुमारे पावणेआठ हजार वस्तीतली सहा हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली. पानूम नावाच्या तरुण डॉक्टराने बारकाईने चौकशी केली. पूर्वी १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर निघाला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्याला आढळले नाही. पासष्ट वर्षे शरीर विसरले नव्हते!

आता 'ब' प्रकारच्या काविळीचे पाहू. ती रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला लागते. तिची लस १९८१ साली आली. लस घेतल्यावर रक्तात रोगाशी झुंजणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. तपासणीचा आकडा १० किंवा त्याहून अधिक आला, की माणूस सुरक्षित मानतात. पुढे वर्षे गेली की हा आकडा उतरतो. मग लस वाया गेली म्हणायची का? नाही. भात कापल्यावर शेत उघडे पडते, पण बियाणे कणगीत असतेच ना? तशा आठवण धरणाऱ्या पेशी शरीरात राहतात. रोग आला की त्या कामाला लागतात.

मात्र निरोगी प्रौढांतही शंभरातील पाच-दहा जणांचा आकडा तीन डोसांनंतर दहापर्यंत पोचतच नाही. वय, लठ्ठपणा, धूम्रपान, मूत्रपिंडाचा आजार, कधी आनुवंशिकता, अशी कारणे असतात. यांची कणगी रिकामीच, असे मात्र लगेच म्हणू नये. पुन्हा डोस दिल्यावर पुष्कळांचा आकडा चढतो. म्हणजे बी रुजले होते, पीक तेवढे विरळ होते. दुसऱ्यांदा तीन डोस देऊनही आकडा हलला नाही, तर त्या माणसाने स्वतःला सुरक्षित समजू नये. दवाखान्यात काम करताना वापरलेली सुई टोचली, तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन मिळते.

महाराष्ट्रात बाळांच्या लसीकरणात ही लस २००७-०८ मध्ये आली, तर २०११ मध्ये साऱ्या देशात. पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. कारण आठवण लवकर रुजावी लागते. रोग वाट पाहत नाही.