भास

रात्री खुंटीवरचा रेनकोट माणसासारखा दिसला आणि मी दचकले. आई म्हणाली, ‘‘भास झाला गं तुला.’’ तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय.

संस्कृतात ‘भास्’ म्हणजे प्रकाशणे. भास्कर म्हणजे उजेड करणारा. ‘भा’ या सख्ख्या धातूतून प्रभा, आभा, प्रभात आले. ग्रीकमधला प्रकाशवाचक ‘फोस’ याच कुळातला, म्हणजे ‘फोटो’ आणि ‘भास’ दूरचे भाऊबंद! जे प्रकाशते ते दिसते. पुढे नुसते ‘दिसते’, आणि मग ‘दिसते पण नसते’. तर्कशास्त्रातला ‘हेत्वाभास’ही असाच, कारणासारखे दिसणारे पण कारण नसलेले.

इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझ्सा यांनी 1955 मध्ये मांडलेली अशाच भासाची आकृती मला फार आवडते. तीन काळ्या चकत्या, प्रत्येकीतून पाचरीच्या आकाराचा तुकडा कापलेला. मध्ये चक्क पांढरा त्रिकोण दिसतो! त्याची एकही रेघ काढलेली नसते. अर्धवट आकार मन पूर्ण करते: चकत्या अखंड आहेत, वर त्रिकोण ठेवलाय, असा अर्थ लावते. आणि तो त्रिकोण भोवतालच्या कागदापेक्षा उजळ वाटतो. भासाला त्याचा मूळचा उजेड इथे परत मिळालेला पाहून मी हरखले.

आता ‘व्हर्च्युअल’साठी आपण ‘आभासी’ म्हणतो: आभासी चलन, आभासी वर्ग. पण ‘पैशांची गरज भासली तर सांग’ म्हणतो, तेव्हा ती गरज अगदी खरी असते.