कपाट म्हणजे दार: फडताळ ते पांढरा साईडबोर्ड

आजचा भाग एका पांढऱ्या साईडबोर्डावर आहे. साईडबोर्ड म्हणजे जेवणाच्या खोलीत भिंतीला लागून ठेवतात ते लांबट, कमरेएवढ्या उंचीचं कपाट. फक्त हा साईडबोर्ड लाकडाचा नाही. ती एक फाईल आहे, आणि ती मी बनवलीय.

माझं काम असं की ऑनलाईन फर्निचर घेणाऱ्याला ती वस्तू फोनच्या कॅमेऱ्यातून स्वतःच्या खोलीत ठेवून बघता यावी. दिवाळीला मांजरसुंब्याला गेलो तेव्हा फोन आजीपुढे धरला. आमच्या मातीच्या भिंतीला लागून पांढराशुभ्र साईडबोर्ड उभा. आजी म्हणाली, "लई झाक हाय. उघड की रं."

उघडेना. कारण आत काही नव्हतंच. फोनवर हलकं चालावं म्हणून आम्ही दिसतं तेवढंच बनवतो. दार म्हणजे नुसती एक फट, तीही रेघेसारखी.

"मग ह्याच्यात ठिवायचं काय?" आजीनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हा भाग.

आधी शब्द बघू. आपण 'कपाट' म्हणतो. संस्कृतात कपाट म्हणजे दार, दाराची झडप. केदारनाथचे कपाट उघडले अशी बातमी दरवर्षी येते, त्यातलं कपाट हेच. मराठीत मात्र दारावरून अख्ख्या वस्तूला नाव पडलं. आमच्याकडे 'अलमारी'ही म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'आर्मारियो'वरून आला. पण आजीच्या घरात यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडे होतं फडताळ.

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवा. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. एवढ्या जाड भिंतीत दिव्यासाठी दिवळी, वस्तूंसाठी कोनाडा आणि कुलपातल्या गोष्टींसाठी फळ्या-दारं बसवलेलं फडताळ सहज मावायचं. खोलीतली इंचभर जागाही जात नसे.

आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, ती पाडव्याच्या आसपास परत यायची. तिकडे कोपीत राहायचं, सोबत एक लोखंडी पेटी. बाकी सगळं फडताळात: सातबारा, मुकादमाच्या उचलीचा हिशेब लिहिलेली वही, बियाण्याची गाठोडी. किल्ली आजीच्या कमरेला. सहा महिने घर म्हणजे तेवढं एक कुलूप होतं.

मग ३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. लातूर-धाराशिवकडे हजारो माणसं गेली, ती मुख्यतः याच जड भिंती आणि माळवदांखाली. आमच्या गावापर्यंत हादरा आला. आजी सांगते, नंतर कित्येक रात्री सगळे अंगणात झोपायचे. ज्या भिंतीनं वस्तू सांभाळल्या, तिचीच भीती वाटायला लागली. पुढे विटा-सिमेंटची घरं वाढत गेली. भिंत नऊ इंचांची झाली, आतली त्याहून पातळ. आता त्यात सव्वा फूट खोल फडताळ कसं बसणार? अलमारी खोलीत आली.

शहरात ती आधीच आली होती. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, मग तिजोऱ्या, आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. क्रम लक्षात घ्या: आधी कुलूप, मग कपाट.

साईडबोर्डाचा जन्म मात्र वेगळ्या घरातला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या जेवणघरात भिंतीलगत एक टेबल आणि दोन बाजूंना दोन सुट्या पेट्या असायच्या. त्या जोडून एक वस्तू झाली. १७८८ साली हेपलव्हाइटचं फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक छापून आलं, त्यात साईडबोर्डाची चित्रं आहेत. म्हणजे ग्राहकानं आधी चित्र बघायचं आणि मग वस्तू घ्यायची, ही पद्धत माझ्या धंद्याच्या दोनशे वर्षं आधीची. आणि त्या पुस्तकात खणाच्या आतला नकाशासुद्धा आहे! बाटल्यांसाठी किती कप्पे, चांदीची भांडी कुठे, ग्लास धुवायच्या पाण्यासाठी शिशाचं अस्तर कुठे. आजीचा प्रश्न हेपलव्हाइटला पडला होता. मला नाही.

आमच्या क्षेत्राची सवयच तशी. १९७५ साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी घरातल्या चहाच्या किटलीचं मॉडेल केलं. संगणकावरच्या चित्रांच्या जगातली ती सगळ्यात प्रसिद्ध वस्तू. मूळ मॉडेलमध्ये त्या किटलीला बूडच नव्हतं! चित्रात बूड दिसत नाही, म्हणून कुणाचं अडलं नाही. आयकियानं २००६ मध्ये बर्टिल नावाच्या लाकडी खुर्चीचं चित्र फोटो न काढता संगणकावर तयार करून वापरलं. २०१४ पर्यंत त्यांच्या वस्तूंची सुमारे तीन चतुर्थांश चित्रं अशी झाली होती. आपण बघतो ती बरीचशी पांढरी कपाटं कुठल्याच खोलीत कधी उभी नव्हती.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझं पोट त्यावर आहे. आणि जुन्या भिंती परत याव्यात असंही कुणी म्हणू नये, किल्लारी आठवावं. पण फडताळाचं बाहेरचं रूप कुणी बघतच नव्हतं, ते सगळं आतल्यासाठी होतं. माझा साईडबोर्ड सगळा बाहेरच्यासाठी आहे.

यंदा उन्हाळ्यात आमचं माळवद पाडायचंय. तिथे स्लॅबचं घर होईल. जाण्याआधी मी टेप घेऊन फडताळ मोजलं: रुंदी २ फूट २ इंच, उंची साडेतीन फूट, खोली सव्वा फूट, तीन फळ्या. गंमत म्हणजे बाजारातले साईडबोर्डही साधारण तेवढेच खोल असतात. ती मापं घालून मॉडेल पुन्हा केलं. दारं उघडणारी, आत तीन फळ्या. व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलं. तिनं नीट बघितलं.

"आन् कुलूप?"

नव्या पांढऱ्या साईडबोर्डाला मूठसुद्धा नसते हो, दाबलं की उघडतो. आता वडिलांनी सुताराला सांगितलंय, फडताळाची चौकट, दारं आणि कडी-कोयंडा न मोडता काढायचा. नव्या घरात कुठे बसेल ते बघू.

तुमच्याही गावचं घर पडणार असेल तर बाहेरून फोटो सगळेच काढतात. एकदा फडताळ उघडा, आतून फोटो काढा, मापं लिहा आणि त्यात काय ठेवायचे ते घरातल्या म्हातारीला विचारा. जमलं तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात.