बागलकोटच्या मास्तरांचा ग्रह

दिवाळीचे दोन-तीन दिवस आमच्या भिवंडीतील कित्येक यंत्रमाग बंद असतात. वर्षभर कानांत बसलेली खडखड थांबते, आणि आकाशात चंद्र नसल्यामुळे फटाक्यांचा धूर वर चढेपर्यंत चार तारे नीट पाहता येतात. मागल्या दिवाळीत मी वर्गातील काही मुलांना घेऊन असाच गच्चीवर बसलो होतो. नेहमीप्रमाणे केतकरांची गोष्ट रंगवून सांगितली. प्लूटो सापडण्यापूर्वी एकोणीस वर्षे आपल्याकडील एका मास्तरांनी तो गणिताने शोधला होता!

एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, पण प्लूटो आता ग्रह नाही ना? मग केतकर चुकले का?"

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे ही गोष्ट मी छाती फुगवून सांगत आलो. तिच्या मुळाशी मात्र कधी गेलो नव्हतो. "पुढच्या दिवाळीला सांगेन," म्हणून वेळ मारून नेली. ते देणे आज फेडतो आहे.

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा शिक्षकाचा. त्यांची नोकरी बागलकोटच्या बाजूस झाली. माझेही शिक्षण तेवढेच आणि पेशाही तोच. तेव्हा त्यांच्याविषयी मला अंमळ अधिक जिव्हाळा वाटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे. त्या काळी आपल्याकडे ग्रहगणिताची चर्चा चाले ती मुख्यत्वे पंचांगासाठी. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनांची कोष्टके मराठीत छापून पाश्चात्त्य गणिताची वाट मोकळी केली होती. केतकर त्याच वाटेने पुढे गेले. त्यांचे 'ज्योतिर्गणितम्' संस्कृतात आहे.

परंतु नेपच्यूनच्या पलीकडे काय असेल, हा प्रश्न पंचांगाचा नव्हता. तो कोणाला विचारावा? कामिय् फ्लामारियाँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने १८८७ साली एक ज्योतिषसंस्था स्थापन केली होती. तिचे दार हौशी अभ्यासकांनाही उघडे होते. तिच्या पत्रिकेत मे १९११ मध्ये केतकरांचा लेख छापून आला. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत एक ठराविक मेळ असतो, हे लाप्लासने दाखविले होते. तसाच मेळ दूरच्या ग्रहांतही असावा, असे धरून केतकरांनी दोन अज्ञात ग्रह मांडले. पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतर एक मानले, तर पहिला ३८.९५ अंतरावर, प्रदक्षिणेस २४२.२८ वर्षे घेणारा, दुसरा ५९.५७३ अंतरावर, ४५९.८ वर्षांचा. त्यांनी नावे योजिली ब्रह्मा आणि विष्णू.

पुढे १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या चोवीस वर्षांच्या तरुणाने छायाचित्रांच्या काचा ताडून पाहताना प्लूटो हेरला. हा शेतकऱ्याचा मुलगा. पदवी त्याच्याजवळही तेव्हा नव्हती. गुरू-मंगळाची स्वतः काढलेली चित्रे टपालाने धाडून त्याने ती नोकरी मिळविली होती. प्लूटोचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस निघाले, प्रदक्षिणा २४८ वर्षांची. केतकरांच्या पहिल्या आकड्यांच्या किती जवळ! त्याच वर्षी केतकर निवर्तले.

माझी गोष्ट इथेच संपत असे. खरी तर ती इथून पुढे आहे. टॉम्बॉचा शोध लॉवेलच्या अंदाजावरून चालला होता, केतकरांच्या लेखावरून नव्हे. त्यातही १९७८ साली प्लूटोचा चंद्र सापडला आणि प्लूटोचे वजन कळले. युरेनस-नेपच्यूनला ओढण्याइतके ते मुळीच नव्हते; म्हणजे लॉवेलचे भाकीतही योगायोगानेच फळले. १९९२ पासून त्या भागात प्लूटोचे पुष्कळ भाऊबंद सापडले, आणि २००६ साली प्राग येथे भरलेल्या परिषदेने प्लूटोस ग्रहांच्या पंक्तीतून उठविले. केतकरांच्या विष्णूच्या जागी तर कोणताही ग्रह सापडलेला नाही.

तरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात, आणि या मेळामुळेच दोघे एकमेकांच्या जवळ येत नाहीत, हे १९६५ साली गणकयंत्राच्या साह्याने सिद्ध झाले. केतकरांचा नियम हाच होता असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे पुन्हा छाती फुगवणे होईल. पण दूरच्या गोलांच्या गतींत मेळ शोधावा, ही त्यांची दिशा पोरकट खास नव्हती.

मग केतकर चुकले का? बाळ, एका ग्रहाचा आकडा जुळला, दुसऱ्याचा नाही. आणि हे आज आपण बोलू शकतो, याचे कारण एकच: मास्तरांनी आपले गणित वहीत दडवून ठेवले नाही. परक्यांच्या नजरेसमोर, तारखेनिशी, चुकण्याची तयारी ठेवून ते छापावयास दिले. वहीतले गणित ना खरे ठरते, ना खोटे.

यंदाही आम्ही गच्चीवर बसणार आहोत. गोष्ट तीच सांगेन. या वेळी विष्णूसह सांगेन.