वाम माशाचे माहेर

युरोपातल्या नद्यांत वाम मासा पूर्वी विपुल असे. पण त्याची अंडी कधी कुणाला सापडली नाहीत. तो चिखलातून उपजतो, असे ॲरिस्टॉटललाही वाटे.

१९०४ साली योहान्स श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाला फेरो बेटांच्या पश्चिमेस वामेचे एक पिल्लू मिळाले. लांबी ७७ मिलिमीटर, पानासारखे चपटे, काचेसारखे पारदर्शक. त्याने साधा हिशेब मांडला : जिथे पिल्ले सर्वांत लहान, तिथेच त्यांचे माहेर. मग तो वर्षानुवर्षे अटलांटिकभर पिल्ले मोजीत हिंडला. एक शिडाचे जहाज फुटले, महायुद्ध आडवे आले. मोजणी सुटली नाही. अखेर १९२० ते १९२२ च्या ‘डाना’ जहाजावरील सफरीत हा माग त्याला दूरच्या सार्गासो समुद्रात घेऊन गेला. तिथली पिल्ले सर्वांत लहान होती.

मला त्याचे मोठेपण वाटते ते यात, की त्याला अंडी दिसली नाहीत, अंडी घालणारी मादीही नाही. निव्वळ मोजमापावर त्याने निष्कर्ष मांडला. शंभर वर्षे संशोधक त्याच वाटेने जात आहेत. अझोर्स बेटांजवळ यंत्रे बांधून सोडलेल्या काही वामी सार्गासोत पोहोचल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. अंडी मात्र तिथे अजून कुणाला मिळालेली नाहीत. आणि दरम्यान युरोपातली वाम नष्ट होण्याच्या काठावर आली आहे!