तारेने फुलं कशी पाठवतात?

ऐकायला वेळ नसतो म्हणून वाचणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. तुम्ही पुण्यात बसलाय आणि अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात उद्या दुपारपर्यंत ताजी फुलं पोचवायची आहेत. ती पोचतात, अगदी वेळेवर. विमानाने पाठवली तर वाटेतच कोमेजतील, शिवाय कस्टमवाले अडवतील. मग पोचतात कशी? या सगळ्या प्रवासात नक्की जातं काय?

उत्तर आपल्याकडच्या एका जुन्या गोष्टीवरून सांगतो, म्हणजे लगेच कळेल. हुंडी. पेशवाईच्या काळात काशीयात्रेला निघालेला माणूस सगळी रोकड कनवटीला बांधून निघत नसे, वाटेत लुटलं जायची भीती. तो पुण्यातल्या सावकाराकडे पैसे भरायचा आणि हुंडी घ्यायचा. काशीतल्या पेढीवर ती दाखवली की तिथे पैसे मिळायचे. नाणी पुण्यातच राहिली, काशीतली काशीत राहिली. प्रवास फक्त कागदाने केला. दोन्ही पेढ्या आपापसातला हिशोब मागाहून मिटवत. या व्यवहाराच्या मुळाशी एकच गोष्ट होती: पुण्याच्या सावकाराची सही काशीचा माणूस ओळखत होता.

फुलांचंही हेच झालं, फक्त कागदाऐवजी तार आली.

१८४४ मध्ये मोर्सची तार वॉशिंग्टन ते बाल्टिमोर धावली आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेतली छोटी छोटी गावंही तारेने जोडली गेली. साहजिकच शहरातल्या फुलवाल्याकडे गिऱ्हाईक येऊन विचारायला लागलं, 'माझी बहीण अमक्या गावात असते, तिच्याकडे उद्या फुलं पोचतील का?' फुलवाला त्या गावातल्या दुकानदाराला तार करायचा. पण यात तीन अडचणी होत्या. त्या गावात बरा दुकानदार कोण, हे कसं कळणार? त्याने शिळी फुलं दिली तर जाब कोणाला विचारायचा? आणि त्याचे पैसे त्याला कधी, कसे मिळणार? दोन अनोळखी दुकानदार, मध्ये शेकडो मैल.

युरोपात बर्लिनचा फुलवाला माक्स ह्यूबनर याने १९०८ मध्ये यावर तोडगा काढला. त्याने फुलवाल्यांची एक संघटना उभी केली. सदस्यांनी एकमेकांच्या ऑर्डरी पुऱ्या करायच्या. याच कामातून पुढे 'फ्लोरॉप' हे नाव जन्माला आलं. अमेरिकेत १९१० मध्ये मूठभर फुलवाले एकत्र आले आणि 'फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी' ही संस्था सुरू झाली. तिलाच पुढे सगळे एफटीडी म्हणायला लागले. ही संस्था सहकारी होती, म्हणजे मालक कोण? तर दुकानदारच. आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला यात नेटवर्कच दिसतं. सदस्यांची यादी म्हणजे ॲड्रेस बुक. तार म्हणजे मेसेज. संस्थेचं मुख्य कार्यालय म्हणजे क्लिअरिंग हाउस, कोणी कोणाचं किती देणं लागतो याचा हिशोब ठेवणारं. आणि सदस्यत्वाची पाटी म्हणजे, 'या दुकानाची आम्ही खात्री देतो.' आज आपण ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतो त्याचे सगळे अवयव कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी तयार होते. १९१४ मध्ये संस्थेने चिन्ह घेतलं तेही नेमकं: रोमन देव मर्क्युरी. पायाला पंख असलेला, देवांचे निरोप पोचवणारा. हाच मर्क्युरी व्यापाराचाही देव. दुकानाच्या काचेवर तो धावणारा देव दिसला की गिऱ्हाइकाला कळायचं, इथून कुठेही फुलं पाठवता येतील.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन फुलवाल्यांनी एकत्र जाहिरात करायला सुरुवात केली. 'से इट विथ फ्लॉवर्स', म्हणजे मनातलं फुलांनी सांगा, ही घोषणा त्याच काळातली. एका धंद्यातल्या सगळ्यांनी मिळून केलेली ही जाहिरात इतकी गाजली, की घोषणा कोणाची हे विसरून लोक ती म्हण म्हणून वापरायला लागले.

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपीय संघटना 'इंटरफ्लोरा' या नावाखाली जोडल्या गेल्या. आता प्रश्न चलनाचा आला. पौंड, डॉलर, फ्रँक, प्रत्येकाचा भाव वेगळा. त्यांनी काय केलं? आपसातल्या हिशोबासाठी स्वतःचं एक एकक काढलं, नाव 'फ्लोरिन'. फुलवाल्यांचं चलन! नोट नाही, नाणं नाही, फक्त वहीतला आकडा. मला हा या इतिहासातला सगळ्यात लोभस तपशील वाटतो.

पण मंडळी, नेटवर्क मोठं झालं की त्याचा मालक कोण, हा प्रश्न येतोच. १९५६ मध्ये अमेरिकेत एफटीडीविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली हुकूमनामा झाला. आमचा सदस्य असाल तर दुसऱ्या संघटनेत जायचं नाही, अशी अट घालायला संस्थेला मनाई झाली. म्हणजे तोवर छोट्या दुकानदारांची ही संस्था एवढी ताकदवान झाली होती, की तिला आवरायला सरकारला यावं लागलं. १९६५ मध्ये नावातला 'टेलिग्राफ' गेला आणि 'ट्रान्सवर्ल्ड' आला. आद्याक्षरं तीच राहिली.

मधल्या काळात टेलिफोन बदलला. १९६७ मध्ये अमेरिकेत ८०० ने सुरू होणारे, फोन करणाऱ्याला फुकट असे नंबर सुरू झाले. १९८६ मध्ये जिम मॅकॅन नावाच्या न्यूयॉर्कच्या फुलवाल्याने असा एक नंबर मिळवला, ज्याची बटणं दाबली की 'फ्लॉवर्स' हा शब्द तयार होतो. आणि मग तोच कंपनीचं नाव झाला. आता लक्षात घ्या काय बदललं. आधी गिऱ्हाईक आपल्या गल्लीतल्या फुलवाल्याकडे जायचं, तो दुसऱ्या गावच्या फुलवाल्याला कळवायचा. दोन्ही टोकांना दुकान होतं. आता एका टोकाचं दुकान गेलं आणि तिथे फोन उचलणारा माणूस आला. पुढे वेबसाइट आल्यावर तोही गेला. १९९४ मध्ये एफटीडीचंही सहकारी रूप संपलं आणि ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली. दुकानदार मालक होते, ते आता नुसते सदस्य उरले.

याने फरक काय पडला, ते हिशोबाने सांगतो. या धंद्यात वर्षानुवर्षं रूढ असलेली विभागणी ढोबळमानाने अशी: ऑर्डर घेणाऱ्याला २० टक्के, मधल्या संस्थेला ७ टक्के आणि फुलं देणाऱ्याला ७३ टक्के. शंभर डॉलरच्या ऑर्डरीत गावातल्या फुलवालीला ७३ डॉलर. त्यातच फुलं, फुलदाणी, मजुरी, पेट्रोल. जुन्या पद्धतीत हे चालून जायचं, कारण आज ती ७३ ची बाजू सांभाळत असेल तर उद्या तिचं गिऱ्हाईक बाहेरगावी फुलं पाठवणार आणि २० टक्के तिला मिळणार. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी.

आता मध्ये फक्त ऑर्डर गोळा करणारा बसला. समजा, तुम्ही शंभर डॉलर दिले. त्याने १५ 'सर्व्हिस फी' म्हणून आधीच बाजूला काढले. उरलेले ८५ नेटवर्कमध्ये गेले, त्यावर पुन्हा २० टक्के म्हणजे १७ त्याचेच. फुलवालीच्या हातात पडले ६२. आणि हा गोळा करणारा तिला कधीच उलट ऑर्डर देणार नाही म्हणजे नाही, त्याला स्वतःचं गावच नाही. वर तिने गुच्छ कसा बनवायचा? तर वेबसाइटवरच्या फोटोसारखा, शंभर डॉलरच्या फोटोसारखा. गुच्छ बारका दिसला की शिव्या कोणाला? तिलाच.

गेल्या वर्षी आमच्या टीमला हे जवळून बघायला मिळालं. ओहायोतल्या आमच्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. आम्ही पुण्यातल्या सगळ्यांनी वर्गणी काढली. गावाचं नाव टाकून सर्च केलं तर पहिल्या दोन-तीन साइट्सच्या नावातच ते गाव, पुढे 'फ्लोरिस्ट'. पण पत्ता कुठेच नाही. एका ठिकाणी फोन लावला, तर उचलणाऱ्याला त्या गावातला चर्चचा रस्ताही माहीत नव्हता. मग आमच्यातली एक जण म्हणाली, 'अरे, अंत्यविधी जिथे आहे त्या फ्युनरल होमलाच विचारूया ना.' त्यांनी एका वाक्यात दुकानाचं नाव आणि नंबर दिला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तिकडे सकाळचे दहा. दुकानाच्या बाईंनी सगळ्यात आधी विचारलं, 'आजोबांना कुठला रंग आवडायचा?' त्यांनी त्यांना गावात पाहिलेलं होतं. फोटो वगैरे दाखवला नाही, आज काय ताजं आहे ते सांगितलं आणि तेच दिलं.

गावाचं नाव लावून स्थानिक असल्याचा भास निर्माण करण्याचा हा प्रकार इतका बोकाळला, की अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांनी त्याविरुद्ध खास कायदे केले. फुलवाल्यांसाठी वेगळा कायदा, विचार करा.

सर्चचा विषय निघालाच आहे तर एक खटला सांगतो. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकानसाखळीने गूगलवर 'इंटरफ्लोरा' हा शब्द जाहिरातीसाठी विकत घेतला. म्हणजे तुम्ही इंटरफ्लोरा शोधायचं आणि वर जाहिरात यांच्या फुलांची. इंटरफ्लोरा कोर्टात गेली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०११ मध्ये त्याने एक मुद्दा नेमका पकडला. इंटरफ्लोरा हे वेगवेगळ्या नावांच्या अनेक दुकानांचं जाळं आहे, त्यामुळे जाहिरात बघणाऱ्याला हेही त्याच जाळ्यातलं एक दुकान वाटू शकतं. म्हणजे जी गोष्ट या जाळ्याची ताकद होती, नाव एक आणि दुकानं अनेक, तीच त्याची कच्ची बाजूही ठरली. नंतर ब्रिटनच्या कोर्टात निकाल एकदा इकडे, एकदा तिकडे झाला, तो तपशील पुन्हा कधीतरी.

मोठ्यांचंही सगळं सुरळीत झालं नाही. १९९१ नंतर अमेरिकेने कोलंबिया, इक्वेडोर वगैरे देशांच्या मालाला आयातशुल्कात सवलत दिली. मायामीच्या विमानतळावर फुलांचे खोके उतरायला लागले आणि सुपरमार्केटमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी स्वस्त गुच्छ आले. एफटीडीने खोक्यातून थेट फुलं पाठवणारी एक मोठी कंपनी २०१४ मध्ये घेतली, कर्ज वाढलं आणि जून २०१९ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. विकली गेली, पण नाव आणि मर्क्युरी अजून आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. आपली रोजची फुलं म्हणजे फुलपुडी. पहाटे दाराच्या कडीला अडकवलेली, आत दोन शेवंती, झेंडू, दूर्वा, सोमवारी बेल, महिन्याच्या शेवटी हिशोब. ना ॲप, ना फोटो, तरी डिलिव्हरी चुकत नाही. आता फुलपुडीही ॲपवर मिळायला लागली आहे. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण मावशींचा नंबर फोनमधून गेला, तर उद्या त्याच मावशी त्याच फुलांसाठी दुसऱ्याचं कमिशन भरतील.

तेव्हा परगावी फुलं पाठवायची वेळ आली, मग ते ओहायो असो की बार्शी, तर तीन गोष्टी करा. दुकानाचा पत्ता नकाशावर आहे का बघा आणि दुकानाचा फोटो दिसतो का तेही. फोन लावा आणि विचारा, 'आज ताजं काय आहे?' खरा फुलवाला लगेच सांगेल, बाकीचे कॅटलॉगचा नंबर विचारतील. आणि नंबर सापडतच नसेल, तर त्या गावातलं हॉस्पिटल, मंगल कार्यालय किंवा मंदिर यांना विचारा. फुलं कोण देतं हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तुमच्या गावातल्या फुलवाल्याबद्दल, फुलपुडीबद्दल काही आठवणी असतील तर नक्की पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटूया. काळजी घ्या.