बत्तीस बिटांत मावणारा काळ

युनिक्स ही संगणकप्रणाली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून घडवली. 1971 मधील तिच्या पहिल्या आवृत्तीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजून 32 बिटांत साठवली जाई. ही जागा सव्वादोन वर्षांतच भरे, त्यामुळे मोजणीचा आरंभच पुढे सरकवावा लागे. नंतर मोजणी पूर्ण सेकंदांवर आणली गेली आणि आरंभ 1 जानेवारी 1970 हा ठरला. मेमरीची तेव्हाची टंचाई पाहता 32 बिटांच्या निवडीला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

त्यांतला एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जातो, म्हणून मोजणी 2,14,74,83,647 सेकंदांवर संपते. भारतीय वेळेनुसार हा क्षण 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी येईल. पुढच्याच सेकंदाला संख्या ऋण होऊन तारीख डिसेंबर 1901 वर जाते. पुढच्या तारखांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर मात्र त्याआधीच अडखळते. एओएलसर्व्हर या वेब सर्व्हरच्या काही सेटिंगांत, मुदत कधीच संपू नये म्हणून, शंभर कोटी सेकंदांचा आकडा घातलेला असे. मे 2006 मध्ये त्या वेळेचे सेकंद आणि ही मुदत यांची बेरीज 32 बिटांत मावेनाशी झाली आणि ते सर्व्हर बंद पडू लागले.

उपाय 64 बिटांचा. युनिक्सच्या वंशातील प्रणालींपैकी नेटबीएसडीने तो 2012 मध्ये, तर ओपनबीएसडीने 2014 मध्ये जुन्या 32 बिटी यंत्रांवरही अमलात आणला. लिनक्सला उशीर झाला, कारण चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा त्याच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, दंडक आहे. कर्नलची 5.6 ही आवृत्ती 2020 मध्ये आणि जीलिबसी या मूलभूत सी लायब्ररीची 2.34 ही 2021 मध्ये आल्यावर वाट मोकळी झाली. डेबियन या लिनक्स वितरणाने 2024 मध्ये शेकडो लायब्रऱ्या नव्याने बांधल्या. नवी-जुनी सरमिसळ टाळण्यासाठी पॅकेजच्या नावांना 'टी64' हे शेपूट जोडले. जुन्या इंटेल यंत्रांसाठीच्या आय386 या आवृत्तीला मात्र यातून वगळले, कारण तिचा मुख्य उपयोग जुने तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरताच उरला होता.

खरे चिवट काम साठवलेल्या माहितीचे आहे. प्रोग्रॅम नव्याने बांधला तरी डिस्कवरचे रकाने अरुंदच राहतात. एक्सएफएस या फाइलप्रणालीला त्यासाठी वेगळी मांडणी करावी लागली. तिची मर्यादा आता 2486 पर्यंत गेली आहे. ज्या यंत्रांतील सॉफ्टवेअरचा सोर्स कोड हरवला आहे, ती 2038 पूर्वी बदलणे हाच बहुधा मार्ग उरतो.