थेराक-२५ आणि चालकाच्या बोटांचा वेग

कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा नेमका मारा करणाऱ्या थेराक-२५ या कॅनडात तयार झालेल्या संगणकनियंत्रित यंत्राकडून १९८५ ते १९८७ या काळात ६ रुग्णांना किरणांची घातक मात्रा मिळाली. यामागील एका दोषाचा उलगडा टेक्सासमधील टायलर येथे झाला. मार्च १९८६ मधील तेथील पहिल्या अपघातानंतर अभियंत्यांना बिघाड पुन्हा घडवून आणता आला नाही, म्हणून यंत्र वापरात परतले; ११ एप्रिलला त्या अपघाताच्या वेळचीच चालक काम करत असताना ‘मालफंक्शन ५४’ हा संदेश पुन्हा उमटला, ज्याचा अर्थ चालकांच्या पुस्तिकेत दिलेलाच नव्हता. रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने तेव्हा यंत्र बंद ठेवले आणि काय झाले एवढ्यावर न थांबता कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबली गेली, हे तिला आठवायला लावले. क्ष-किरणांसाठीचे अक्षर चुकून टंकले गेल्यावर तिने ते सरावाच्या हाताने बदलून इलेक्ट्रॉन झोताचे केले होते. चुंबकांची जुळणी होण्यास लागणाऱ्या सुमारे ८ सेकंदांच्या आत अशी दुरुस्ती झाली, तर आज्ञावली (यंत्र चालवणारा संगणकीय कार्यक्रम) तिची पूर्ण दखल घेत नसे. निर्मात्यांना दोष दिसला तो हा वेग कळल्यावरच, कारण सावकाश टंकणाऱ्या तपासनिसापुढे यंत्र, साहजिकच, निर्दोष ठरत होते.